मोडलेले हाड आणि संप्रेरकाची सुई

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत आरोग्यविषयक एक पुष्प मी गुंफावे अशी सूचना विश्वस्त मंडळाकडून आली, तेव्हा मला संकोच वाटला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलो, वैद्यकाशी माझा संबंध रुग्णाचा नातेवाईक एवढाच. परंतु आमच्या थोरल्या वहिनींवर हाडांच्या ठिसूळपणासाठी संप्रेरकाच्या इंजेक्शनांचा उपचार दोन वर्षे चालला आणि त्या काळात व्यापाऱ्याच्या चिकाटीने मी त्या औषधाची सर्व माहिती गोळा केली. जे वाचले ते डॉक्टरांकडून तपासून घेतले. तेव्हापासून समाजात कोणाच्या घरी कोणी पडले, हाड मोडले, की मला दूरध्वनी येतो. प्रश्न बहुधा एकच असतो : "भाऊ, हाड लवकर जुळायचे ते इंजेक्शन कोणते हो?"

या प्रश्नाचे उत्तर सरळ हो किंवा नाही असे देता येत नाही. असे इंजेक्शन आहे, ते गुणकारी आहे, परंतु ते ज्या कामात सर्वांत गुणकारी ठरले आहे ते काम विचारणाऱ्याच्या मनात नसते. हा फरक समजावून सांगण्यासाठीच आज मी आपल्यासमोर उभा आहे.

प्रथम हाडाविषयी थोडे. आपण हाडाला दगडासारखे किंवा खांबासारखे समजतो. प्रत्यक्षात ती जिवंत वस्तू आहे. हाड कुरतडणाऱ्या पेशी जुने हाड काढून टाकतात, हाड घडविणाऱ्या पेशी त्याच जागी नवे भरतात, आणि हा व्यवहार जन्मभर अखंड चालतो. आपल्या भाषेत सांगायचे तर हे चालू खाते आहे. तरुणपणी जमा अधिक, मध्यमवयात जमा आणि नावे सारखी, आणि स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर नावे बाजू झपाट्याने वाढते, कारण हाडांना सांभाळणारे स्त्री-संप्रेरक त्या वयात ओसरते. शिल्लक घटत जाते, पण खातेदाराला पत्ता नसतो, कारण हाड पोकळ होताना दुखत नाही. मग न्हाणीघरात पाय घसरतो, माणूस हात टेकतो आणि मनगट मोडते. तरुण माणूस तसाच पडला असता तर कपडे झटकून उठला असता.

मोडलेले हाड जुळते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते. त्यात पेशी जमतात आणि दोन-तीन आठवड्यांत कूर्चेची मऊ जोडगाठ तयार होते. त्या गाठीत कॅल्शियम बसून ती कठीण होते आणि पुढे कित्येक महिने, कधी वर्षे, शरीर ती गाठ तासून मूळ आकार परत आणते. कातडी फाटली तर व्रण राहतो. हाड मात्र हाडानेच भरून निघते. उत्तम रफूगार त्याच कापडाचा धागा काढून त्याच कापडात विणतो, तेव्हा रफू शोधावे लागते, तसे हे काम आहे. प्लास्टर, सळई, पट्टी ही सर्व साधने हाडाची दोन टोके स्थिर ठेवण्यासाठी असतात. जुळविण्याचे काम शरीरच करते. मधुमेह, तंबाखू, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे त्या कामात विघ्न येते.

आता संप्रेरकाकडे वळू. आपल्या गळ्यात अवटू ग्रंथी असते, जिला सर्वजण थायरॉइड म्हणतात. तिच्या पाठीमागे तुरीच्या डाळीएवढ्या बहुधा चार छोट्या ग्रंथी चिकटलेल्या असतात. त्या परावटू ग्रंथी. त्यांचे काम एकच : रक्तातील कॅल्शियमची पातळी ठरलेल्या मर्यादेत राखणे. पातळी उतरली की त्या आपले संप्रेरक सोडतात, आणि ते हाडांच्या कोठारातून कॅल्शियम काढून रक्तात आणते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एक भारतीय गेंडा 1849 साली मेला, त्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाला ही ग्रंथी प्रथम दिसली. म्हणजे या शोधाच्या पहिल्या पानावर आपल्या देशातील एक मुका जीव आहे. माणसाच्या गळ्यातील या ग्रंथींचे रीतसर वर्णन 1880 साली स्वीडनमधील उप्साला येथील इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने केले. त्या कशासाठी आहेत हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. गळ्याच्या शस्त्रक्रियेत थायरॉइडबरोबर नकळत त्याही काढल्या जात आणि रुग्णाच्या हातापायांना भयंकर वांब येत, तेव्हा त्यांचे महत्त्व हळूहळू उमगले.

पुढची कथा बहुतांशी अमेरिकेतील बॉस्टन शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल या एकाच रुग्णालयाभोवती फिरते. चार्ल्स मार्टेल नावाचे व्यापारी जहाजावरील एक कप्तान तेथे 1926 साली दाखल झाले. उंचापुरा, बलदंड माणूस, परंतु त्यांची हाडे एकामागून एक मोडत होती आणि मणके दबून उंची सुमारे सात इंच घटली होती. शरीरात परावटू संप्रेरकाचा पूर आला होता, आणि तो पूर हाडांतील कॅल्शियम वाहून नेत होता. वाढलेली ग्रंथी कोठे दडली आहे ते शोधण्यासाठी त्यांच्यावर एकूण सात शस्त्रक्रिया झाल्या. गळ्यात काही सापडेना. अखेरीस 1932 साली सातव्या वेळी छातीच्या पोकळीत ती सापडली. तोपर्यंत मूत्रपिंडे निकामी होत आली होती आणि काही आठवड्यांतच कप्तानांचे निधन झाले. वैद्यकाच्या ग्रंथांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

ही हकिकत मी विस्ताराने सांगितली, कारण तिच्या शेजारीच एक चमत्कारिक गोष्ट घडत होती. कप्तान मार्टेल ज्या संप्रेरकाने खंगत होते, त्याच संप्रेरकाचा अर्क त्याच रुग्णालयातील बावर, ऑब आणि ऑल्ब्राइट हे संशोधक उंदरांना टोचून पाहत होते. 1929 साली त्यांनी प्रसिद्ध केले की रोज टोचलेल्या अर्काने उंदरांच्या हाडातील जाळी दाट झाली. 1932 साली हान्स सेलये यांनाही थोड्या थोड्या मात्रेने तेच आढळले. एकच पदार्थ एका ठिकाणी हाड विरघळवतो आणि दुसऱ्या ठिकाणी हाड घडवतो, हे त्या काळी कोणाला पटण्यासारखे नव्हते. जवळजवळ चाळीस वर्षे ही निरीक्षणे बासनात पडून राहिली.

उलगडा पुढे झाला तो असा. संप्रेरक रक्तात रात्रंदिवस चढलेले राहिले, तर हाड कुरतडणाऱ्या पेशींचा जोर होतो. तेच दिवसातून एकदा थोडे टोचले आणि काही तासांत ओसरले, तर हाड घडविणाऱ्या पेशी जाग्या होतात, अधिक काळ जगतात आणि कुरतडणारा पक्ष जमण्यापूर्वी आपले काम करून घेतात. टोचलेल्या औषधाची रक्तातील मात्रा दर तासाला सुमारे निम्मी होत जाते, आणि हे झटपट ओसरणेच त्याचे बलस्थान आहे. व्यापाऱ्यांना हे चटकन कळावे. दुकानात मालक रोज सकाळी एक फेरी मारून गेला तर नोकर हुरूपाने काम करतात. तोच दिवसभर डोक्यावर उभा राहिला तर गल्ल्याची वाट लागते.

परावटू संप्रेरक चौऱ्याऐंशी अमिनो आम्लांची एक साखळी आहे. 1970 नंतरच्या दशकात असे दिसून आले की त्यांपैकी पहिल्या चौतीस कड्या हे काम करण्यास पुरेशा आहेत. चौतीस कड्यांचा हा तुकडा म्हणजेच टेरिपॅराटाइड हे औषध. 1980 साली एकवीस रुग्णांवरील एका लहान चाचणीत त्याने हाड भरते असे दिसले. मोठी परीक्षा मात्र 2001 साली प्रसिद्ध झाली, आणि तिचे प्रमुख रॉबर्ट नीअर हे पुन्हा त्याच बॉस्टनच्या रुग्णालयातील. रजोनिवृत्त झालेल्या आणि मणका पूर्वी दबलेल्या 1637 स्त्रियांनी त्यात भाग घेतला. काहींना औषध, काहींना नुसते पाणी. सरासरी दीड वर्षाहून थोड्या अधिक काळानंतर नुसते पाणी घेणाऱ्यांपैकी शेकडा 14 स्त्रियांचे मणके नव्याने दबले होते. रोज 20 मायक्रोग्रॅम औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा 5 होते. मणक्याखेरीज इतर हाडांचे अस्थिभंगही निम्म्याहून कमी झाले. 2002 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पुढे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत 1360 स्त्रियांमध्ये त्याची तुलना रिसेड्रोनेट या प्रचलित गोळीशी झाली. दोन वर्षांत गोळी घेणाऱ्या शेकडा 12 स्त्रियांचे मणके नव्याने दबले, तर इंजेक्शन घेणाऱ्या शेकडा 5.4 स्त्रियांचे.

बंधू-भगिनींनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे सर्व आकडे पुढचे हाड मोडू नये याविषयीचे आहेत. आज मोडलेले हाड लवकर जुळावे, हा प्रश्न यांत विचारलेलाच नाही. आणि मला दूरध्वनी करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर हवे असते ते नेमके त्याच प्रश्नाचे.

त्या प्रश्नाचाही शोध घेतला गेला आहे. 2010 साली मनगट मोडलेल्या 102 स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. पाणी टोचलेल्यांचे हाड जुळण्यास मध्यममानाने 9.1 आठवडे लागले, 20 मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांना 7.4 आठवडे, आणि दुप्पट म्हणजे 40 मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांना 8.8 आठवडे. संशोधकांनी आधी पैज लावली होती ती 40 च्या मात्रेवर, आणि तीच फारशी चालली नाही. 20 ची मात्रा सरस ठरली. दुप्पट भांडवल घालून नफा कमी यावा असा हा हिशेब. अशा वेळी शहाणा माणूस लगेच दुकान वाढवीत नाही, पुढच्या वर्षीचा ताळेबंद पाहतो. 2011 साली ओटीपोटाच्या म्हणजे कटिभागाच्या हाडांना तडा गेलेल्या 65 वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पूर्ण चौऱ्याऐंशी कड्यांचे संप्रेरक घेणाऱ्यांची हाडे 7.8 आठवड्यांत जुळली, न घेणाऱ्यांची 12.6 आठवड्यांत. आकडा मोठा आकर्षक, परंतु येथे दुसऱ्या गटाला खोटे इंजेक्शन दिलेले नव्हते, त्यामुळे कोण काय घेत आहे हे सर्वांना ठाऊक होते. पुढे 2022 साली त्याच प्रकारच्या अस्थिभंगावर टेरिपॅराटाइडची खोट्या इंजेक्शनाशी तुलना करणारी एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात हाड जुळण्यात फरक दिसला नाही. खुब्याच्या सांध्याजवळ मांडीच्या हाडाची मान मोडते, त्या अस्थिभंगावर दोन चाचण्या मिळून 159 रुग्णांची माहिती 2016 साली प्रसिद्ध झाली. तेथेही औषधाने जुळणी सुधारल्याचे आढळले नाही. रुग्ण ठरल्यापेक्षा फारच कमी मिळाले होते, हेही सांगणे न्यायाचे ठरेल.

याचा अर्थ डॉक्टर जुळण्यासाठी हे औषध कधीच देत नाहीत असे नव्हे. महिनोन्महिने न जुळणारे हाड, किंवा ठिसूळपणाच्या काही गोळ्या अनेक वर्षे घेतल्यावर क्वचित मांडीच्या हाडाला जो आडवा तडा जातो तो, अशा प्रसंगी अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ विचारपूर्वक त्याचा उपयोग करतात. मात्र अमेरिकेतील मान्यतापत्रात मोडलेले हाड जुळविणे हा उपयोग नमूद नाही. तेव्हा तरुण मुलाचा दुचाकीवरून पडून पाय मोडला म्हणून हे महागडे इंजेक्शन मागण्यात अर्थ नाही. ज्यांच्या हाडांची वाढ अद्याप चालू आहे अशा मुलांना तर ते देऊच नये असे आहे.

आता वहिनींची हकिकत सांगतो. 2017 साली त्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. वय तेव्हा एकसष्ट. सहा आठवडे प्लास्टर राहिले, हाड छान जुळले, पोळ्या लाटणे पूर्ववत सुरू झाले. ज्या रुग्णालयात उपचार झाले, तेथे उभ्या उंचीवरून पडून मनगट का मोडावे याची चौकशी झाली नाही, हाडांची घनता मोजण्याचा सल्ला दिला गेला नाही. हाड जुळले, फाईल मिटली. 2020 च्या दिवाळीच्या आसपास पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली. कंबर धरली असेल म्हणून लेप लावणे आणि शेकणे चालले. याच सुमारास माझ्या नजरेने एक गोष्ट टिपली, ती केवळ धंद्याच्या सवयीमुळे. वहिनींच्या साड्यांच्या निऱ्या जमिनीवर लोळू लागल्या होत्या. तीच साडी, तेच नेसणे, पण काठ पावलांखाली येऊ लागला. साडी लांब होत नसते, हे मला चाळीस वर्षांत कळले आहे. भिंतीला टेकवून उंची मोजली, तर जुन्या पारपत्रावरील उंचीपेक्षा पावणेदोन इंच कमी भरली. क्ष-किरण चित्रात दोन मणके दबलेले दिसले.

नवे डॉक्टर म्हणाले, "मनगट मोडले होते तीच पहिली सूचना होती." त्यांनी रक्त तपासले. कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व, मूत्रपिंड, थायरॉइड, आणि खुद्द परावटू संप्रेरकही, कारण त्याचाच पूर असेल तर हे इंजेक्शन देता येत नाही. कॅप्टन मार्टेल मला तेव्हा प्रथम समजले. 'ड' जीवनसत्त्व अत्यंत कमी निघाले. आपल्या देशात ऊन मुबलक आणि तरीही हे जीवनसत्त्व सर्रास कमी आढळते. प्रथम ती उणीव भरून काढली आणि मग 2021 च्या आरंभी टेरिपॅराटाइड सुरू झाले.

हे औषध जाड पेनासारख्या उपकरणात येते. रोज एकदा, मांडीच्या किंवा पोटाच्या कातडीखाली, 20 मायक्रोग्रॅम. सुई केसाएवढी बारीक. पहिले आठ दिवस पुतण्याने टोचले, नंतर वहिनी स्वतःच टोचू लागल्या. एक पेन अठ्ठावीस दिवस चालते, थोडे औषध उरले तरी त्यानंतर ते टाकून द्यावे लागते, आणि हे आम्हा व्यापारी मंडळींच्या जिवावर येते खरे. पेन शीतकपाटात ठेवावे लागते, परंतु गोठू द्यायचे नसते, म्हणून बर्फाच्या कप्प्यात मुळीच ठेवू नये. वीज गेली की आमच्या घरात आधी दूध आठवत असे, पुढे दोन वर्षे आधी पेन आठवू लागले. पालिताण्याच्या यात्रेला जाताना ते बर्फाच्या पिशवीसह थर्मासमध्ये, मध्ये टॉवेलची घडी घालून नेले.

पहिल्या काही दिवसांत टोचल्यावर उभे राहताना भोवळ येऊ शकते, म्हणून खाटेवर बसूनच टोचावे. मळमळ आणि पोटऱ्यांत गोळे येणे याही तक्रारी असतात. वहिनींना गोळे येत. तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "भाऊजी, गुण तर काही दिसत नाही, पैसे कशाला जाळायचे? बंद करू या." ही वेळ प्रत्येक घरात येते असे डॉक्टर सांगतात आणि बरेच रुग्ण इथेच गळतात. गुण दिसत नाही, कारण न मोडलेले हाड दिसत नसते. महिन्याचा खर्च हजारांच्या घरात जातो, तोही खरा. आता आपल्या देशातील कंपन्याही हे औषध तयार करतात, त्यामुळे विदेशी पेनाच्या तुलनेत ते स्वस्त पडते. एकाच औषधाच्या निरनिराळ्या छापांच्या किमतींत मोठा फरक असतो. डॉक्टरांना विचारून दोन-तीन ठिकाणी भाव काढण्यात कमीपणा नाही.

घरात भीतीही होती. कोणीतरी सांगितले की या इंजेक्शनाने हाडाचा कर्करोग होतो. या अफवेचे मूळ खरे आहे. उंदरांना जवळजवळ जन्मभर, माणसाच्या तुलनेत अनेक पट मात्रा टोचल्यावर त्यांच्या हाडांत गाठी झाल्या. त्यामुळेच मघाशी सांगितलेली 1637 स्त्रियांची चाचणी 1998 च्या डिसेंबरमध्ये मुदतीपूर्वी थांबविण्यात आली, आणि औषधाच्या वेष्टनावर ठळक इशारा छापला गेला. त्यानंतर अनेक वर्षे रुग्णांवर लक्ष ठेवण्यात आले. माणसांत तशी वाढ दिसली नाही आणि 2020 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील नियामक संस्थेने तो ठळक इशारा काढून टाकला. ज्यांच्या हाडांना पूर्वी किरणोपचार झाले आहेत किंवा हाडांत कर्करोग पसरलेला आहे, त्यांनी मात्र हे औषध आजही टाळावयाचे आहे.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती चिठ्ठीवर सहसा लिहिलेली नसते. उपचार साधारण दीड ते दोन वर्षांचा. तो संपल्यावर हात झटकून बसले, तर भरलेले हाड पुन्हा झिजू लागते. त्यामागोमाग झीज रोखणारे औषध सुरू करावेच लागते, आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे औषध. नवी इमारत बांधली आणि गिलावा न करता पावसाळ्यात सोडून दिली, तसा प्रकार होतो. वहिनींचे शेवटचे पेन 2023 च्या आरंभी संपले आणि लगोलग वर्षातून एकदाचे औषध सुरू झाले. त्यानंतर त्यांचे हाड मोडलेले नाही. ते याच इंजेक्शनामुळे, असे छातीठोकपणे मी सांगणार नाही. एका घराच्या अनुभवावरून नियम ठरत नाही. त्यासाठीच तर सोळाशे-तेराशे स्त्रियांच्या चाचण्या कराव्या लागतात. गेलेली उंची मात्र परत आली नाही, ती येत नसतेच. वहिनी आता निऱ्या दोन बोटे वर खोचतात.

आपल्या समाजात काही प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांना स्पर्श करणे अगत्याचे आहे. पहिला, हे औषध प्राण्यांपासून काढतात काय? पूर्वी संशोधनासाठी तसे होत असे. 1925 साली जेम्स कॉलिप यांनी जो अर्क तयार केला, तो गुराढोरांच्या ग्रंथींपासून. आजचे टेरिपॅराटाइड तसे नाही. मानवी संप्रेरकाच्या घडणीची सूचना जीवाणूमध्ये घालून त्याच्याकडून ते करवून घेतात. संपूर्ण रासायनिक पद्धतीने, जीवाणूशिवाय तयार केलेलेही असते. जपानमध्ये 2011 साली मान्य झालेले, आठवड्यातून एकदा टोचण्याचे औषध तसे आहे. प्राण्यांवरील प्रयोगांचा आणि जीवाणूंचा प्रश्न त्याने सुटत नाही हे मला मान्य आहे. त्याविषयी निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही, साधु-साध्वीजींना विचारून ज्याने त्याने ठरवावे. उलट ज्याकडे आपले लक्ष जात नाही, ती साधी 'ड' जीवनसत्त्वाची गोळी. त्यातील 'ड-3' बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून करतात. लोकरीचा धंदा करणाऱ्यांना हे मेण ठाऊक असते, कच्ची लोकर हातात घेतली की बोटे तेलकट होतात ते तेच. आणि कॅप्सूलचे मऊ आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. वनस्पतिज आवरणाची आणि दगडफुलाच्या जातीपासून केलेल्या 'ड-3' चीही औषधे मिळतात. दुकानदाराला विचारावे लागते, कारण अन्नपदार्थांवर असतो तसा हिरवा ठिपका औषधावर असेलच असे नाही.

दुसरा प्रश्न व्रतांचा. इंजेक्शनाचा भोजनाशी संबंध नाही, ते दिवसाच्या कोणत्याही एका ठराविक वेळी घेता येते. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांना अडचण नाही. परंतु अठ्ठाईसारख्या दीर्घ उपवासात आधीच रक्तदाब उतरलेला असतो, त्यात भोवळीची भर पडू शकते. उपचार चालू असता अशी तपश्चर्या करावयाची असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. आठवड्याची गोळी ज्यांना दिली जाते, त्यांनी ती रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास ताठ बसावयाचे असते, आडवे व्हायचे नाही आणि काही खायचे नाही. नवकारशी करणाऱ्यांनी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी पाणी घेताना ती घ्यावी आणि न्याहारी आणखी अर्धा तास पुढे ढकलावी. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये, ती दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावी. आहारात दूध, दही, नाचणी, तीळ, राजगिरा हे सर्व आपल्या नियमांत बसणारे आणि कॅल्शियमने समृद्ध पदार्थ आहेत.

शेवटी दूरध्वनी करणाऱ्यांसाठी. घरातील पन्नाशीपुढील कोणा व्यक्तीचे उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले असेल, तर ते जुळविणाऱ्या डॉक्टरांना प्लास्टर काढण्याच्या दिवशी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : हाडाची घनता केव्हा मोजायची, आणि पुढचे मोडू नये म्हणून आता काय द्यायचे. प्रत्येकाला टेरिपॅराटाइड लागेल असे नाही. अनेकांना साध्या गोळ्या पुरतात, काहींना वेगळ्याच जातीची नवी इंजेक्शने योग्य ठरतात. ते डॉक्टर ठरवतील, पण प्रश्न आपणच विचारावा लागतो. आणि घरी भिंतीवर मुलांची उंची पेन्सिलने नोंदविण्याची आपली पद्धत आहे, त्याच भिंतीवर आई, काकू, आजी यांचीही वर्षातून एकदा नोंद करावी.

अध्यक्ष महोदयांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठविली आहे. वहिनींनी वापरलेले एक रिकामे पेन, सुई काढून, मी सोबत आणले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी सभेनंतर व्यासपीठाजवळ यावे. जय जिनेंद्र.